२,१४,७४,८३,६४७ : गणितवाल्यांचा लाडका आणि कॉम्प्युटरला अडवणारा आकडा

'गंगनम स्टाईल' आठवतंय का? साय या कोरियन गायकाचं ते घोड्यावर बसल्यासारखं नाचायचं गाणं. डिसेंबर २०१४ मध्ये या गाण्याच्या व्हिडिओवरून एक बातमी जगभर फिरली. यूट्यूबने स्वतःच पोस्ट टाकून सांगितलं की, एखाद्या व्हिडिओला इतके व्ह्यूज मिळतील असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं, त्यामुळे काउंटर मोठा करावा लागला. जुन्या काउंटरची मर्यादा होती २,१४,७४,८३,६४७.

मग काय, 'गंगनमने यूट्यूब मोडलं' अशा हेडलाइन्स झाल्या. खरं तर मोडलं काहीच नव्हतं. हा आकडा जवळ येतोय हे यूट्यूबच्या इंजिनिअर्सना काही महिने आधीच दिसलं होतं आणि त्यांनी काउंटर वेळेत बदलला होता. व्हिडिओखालचा आकडा गरगर फिरायचा, ती त्यांनी मुद्दाम केलेली गंमत होती.

पण हाच आकडा कशाला? दोन अब्ज का नाही, दोनशे कोटी एक का नाही?

कारण हा आकडा कुणी सहज निवडलेला नाही. गणितात त्याला जवळपास अडीचशे वर्षांचा मान आहे. कॉम्प्युटरच्या जगात मात्र त्याच्यामुळे ॲप्स बंद पडली आहेत, विमानांबाबत सरकारी आदेश निघाले आहेत आणि २०३८ साली जगभरच्या जुन्या सिस्टिम्सची परीक्षा होणार आहे. एकाच संख्येच्या या दोन ओळखींचा एकमेकींशी काय संबंध, ते समजून घेऊया.

आधी आकडा नीट वाचूया

दोन अब्ज, चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. बोलताना आपण २१४ कोटी म्हणून मोकळे होऊ.

हा आकडा येतो कुठून, त्यासाठी एक साधा हिशेब करा. ३१ दिवसांचा महिना घ्या. १ तारखेला डब्यात १ रुपया टाका. २ तारखेला २ रुपये, ३ ला ४ रुपये, ४ ला ८ रुपये. रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. दहा तारखेपर्यंत काही विशेष वाटत नाही, डब्यात एकूण १,०२३ रुपये असतात. वीस तारखेला डबा साडेदहा लाखांच्या थोडा जवळ जातो. आणि ३१ तारखेला रात्री डबा उघडला तर त्यात बरोबर २,१४,७४,८३,६४७ रुपये निघतात. ना एक कमी, ना एक जास्त.

गणिताच्या भाषेत याला म्हणतात २ चा ३१ वा घात वजा १. म्हणजे २ ला २ ने गुणत ३१ वेळा २ लिहायचे आणि आलेल्या उत्तरातून १ काढायचा. दुपटीच्या या खेळात एक नियम कायम लागू पडतो. आजवरची सगळी बेरीज ही उद्या टाकायच्या रकमेपेक्षा नेहमी एकाने कमी असते. १+२+४ म्हणजे ७, आणि पुढची रक्कम ८. म्हणून तो 'वजा १'.

कॉम्प्युटर इथेच का थांबतो?

कॉम्प्युटर आपल्यासारखे ० ते ९ असे दहा अंक वापरत नाही. त्याच्याकडे फक्त दोन आहेत, ० आणि १. एकेका जागेला बिट म्हणतात. आपल्या पद्धतीत उजवीकडून एकक, दशक, शतक अशी दहापट वाढते, तशी त्याच्या पद्धतीत १, २, ४, ८ अशी दुप्पट वाढते. म्हणजे आपला डब्याचाच हिशेब. ज्या दिवशी पैसे टाकले त्या जागी १, नाही टाकले तर ०. रोज टाकले तर सलग ३१ वेळा १. कॉम्प्युटरच्या भाषेत आपला आकडा असाच दिसतो, ओळीने ३१ एक.

अनेक वर्षं कॉम्प्युटरमध्ये एक पूर्ण संख्या साठवायला ३२ बिट्स द्यायची पद्धत होती, आणि आजही ती खूप ठिकाणी आहे. त्यातला पहिला बिट संख्या धन आहे की ऋण हे सांगण्यासाठी जातो. उरतात ३१. या ३१ जागांमध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे सगळीकडे १. तीच २,१४,७४,८३,६४७.

आता यात एक मिळवला तर? जुन्या स्कूटरचं मीटर आठवा. ९९,९९९ किलोमीटर झाले की पुढच्या किलोमीटरला सगळे आकडे फिरून शून्य व्हायचे. इथेही तसंच होतं, पण जरा वाईट पद्धतीने. ३१ च्या ३१ एक शून्य होतात आणि हातचा जाऊन बसतो पहिल्या बिटमध्ये, जो धन-ऋण ठरवतो. त्यामुळे बहुतेक ठिकाणी पुढची संख्या थेट उणे २,१४,७४,८३,६४८ अशी वाचली जाते. दोन अब्ज रुपये खात्यात असताना एक रुपया भरला आणि दोन अब्जांचं कर्ज दिसायला लागलं, असा प्रकार. याला ओव्हरफ्लो म्हणतात.

गणितात हा आकडा कधी आला?

कॉम्प्युटर यायच्या खूप आधी.

मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच पूर्ण भाग जात नाही, हे शाळेत शिकलेलं असतं. २, ३, ५, ७, ११ वगैरे. लहान संख्या मूळ आहे का हे तपासणं सोपं. पण दहा अंकी संख्या असेल तर?

सतराव्या शतकात मारँ मर्सेन नावाचे एक फ्रेंच धर्मगुरू होते. २ चा कुठलातरी घात वजा १, अशा रूपाच्या संख्यांमध्ये त्यांना रस होता. त्यातल्या कुठल्या मूळ आहेत याची एक यादी त्यांनी १६४४ मध्ये दिली. यादीत घातांक ३१ होता. यादी पूर्ण बरोबर नव्हती. त्यात ६७ आणि २५७ चुकून आले होते, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. पण ३१ चा अंदाज बरोबर निघाला. अशा मूळ संख्यांना आज मर्सेन मूळ संख्या म्हणतात.

अंदाज खरा आहे हे सिद्ध केलं लिओनार्ड ऑयलर यांनी. १७७२ चं त्यांचं पत्र प्रसिद्ध आहे. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गमध्ये होते, वय साठीच्या पुढे आणि दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली. कॅल्क्युलेटर नाही, कॉम्प्युटर नाही.

ऑयलरनी हे जमवलं कसं?

हा भाग खरंच भारी आहे, म्हणून थोडं थांबूया.

एखादी संख्या मूळ आहे का हे बघायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघणं पुरतं. आपल्या आकड्याचं वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं पुढे येतं. तिथपर्यंत साधारण ४,८०० मूळ संख्या आहेत. म्हणजे दहा अंकी आकड्याला ४,८०० वेळा हाताने भागायचं.

ऑयलरनी आधी विचार केला, मग भागाकार. २ चा ३१ वा घात वजा १ ला जर एखाद्या मूळ संख्येने भाग जाणारच असेल, तर ती मूळ संख्या काहीही असू शकत नाही. ती ६२ च्या पटीपेक्षा एकाने जास्तच असावी लागते. ६२ कुठून आले? ३१ ची दुप्पट.

हे लहान उदाहरणावर पडताळून बघा. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २,०४७. ११ ची दुप्पट २२. आणि २,०४७ चे अवयव आहेत २३ आणि ८९. २३ म्हणजे २२ अधिक १. ८९ म्हणजे २२ ची चौपट अधिक १. नियम बरोबर बसतो. (याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट कळते. घातांक ११ मूळ असूनही २,०४७ मूळ नाही. म्हणजे घातांक मूळ असला की काम झालं असं नसतं, प्रत्येक वेळी तपासावंच लागतं.)

याला आणखी एक अट जोडली जाते. असा विभाजक ८ च्या पटीपेक्षा एकाने जास्त किंवा एकाने कमी हवा. दोन्ही अटी एकत्र केल्या की उरतात फक्त दोन प्रकारच्या संख्या: २४८ च्या पटीपेक्षा १ ने जास्त, किंवा २४८ च्या पटीपेक्षा ६३ ने जास्त. ४६,३४० पर्यंत अशा संख्या पावणेचारशेच्या आत आहेत. त्यातल्याही ज्या मूळ नाहीत त्या गळतात. उरलेल्यांपैकी एकानेही भाग गेला नाही. म्हणजे आकडा मूळ.

हजारो भागाकारांचं काम काही शेकड्यांच्या आत आलं. पुढची कित्येक दशकं माणसाला माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या हीच होती.

या आकड्याची ओळखपत्रं

गणितात संख्यांचंही वर्गीकरण असतं. आपल्या आकड्याकडे कुठली कुठली कार्डं आहेत, ते बघा.

मूळ संख्या: हे वर सिद्ध झालंच.

आठवी मर्सेन मूळ संख्या: घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९ आणि मग ३१.

दुहेरी मर्सेन मूळ संख्या: घातांक ३१ हा स्वतःच मर्सेन मूळ आहे, कारण २ चा ५ वा घात वजा १ म्हणजे ३१. अशा दुहेरी मर्सेन मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत: ७, १२७, आपला आकडा आणि २ चा १२७ वा घात वजा १. पाचवी अजून कुणाला सापडलेली नाही.

परिपूर्ण संख्येची जोडीदार: ६ चे ६ सोडून विभाजक १, २, ३. बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४. बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. आपल्या आकड्याला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की मिळते २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. ही आठवी परिपूर्ण संख्या.

दोन वर्गांची बेरीज नाही: १३ म्हणजे ४ अधिक ९, दोन वर्ग. आपला आकडा असा दोन वर्गांत मोडता येत नाही, तीन वर्गांतही नाही. त्याला किमान चार वर्ग लागतात, कारण ८ ने भागल्यावर त्याची बाकी ७ उरते.

परिपूर्ण संख्येवरून एक किस्सा सांगायलाच हवा. पीटर बार्लो या इंग्लिश गणितज्ञाने १८११ मध्ये आपल्या पुस्तकात भाकीत केलं की, ही आठवी परिपूर्ण संख्या कायम सगळ्यात मोठीच राहील. कारण काय? तर या संख्यांचा उपयोग काही नाही, नुसतं कुतूहल. त्यामुळे पुढची शोधायला कोण कशाला बसेल!

लोक बसले. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी २ चा १२७ वा घात वजा १ मूळ असल्याचं दाखवलं. आता हे काम हजारो स्वयंसेवकांचे कॉम्प्युटर मिळून करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मर्सेन मूळ संख्या आहे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक आहेत.

देवळालीच्या चाळणीत आपला आकडा

संख्यांच्या वर्गीकरणाचा विषय निघाला आणि द. रा. कापरेकर आठवले नाहीत असं मराठी माणसाचं कसं होईल? डहाणूत जन्मलेले, नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले कापरेकर. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. त्यांनी संख्यांचे बरेच प्रकार शोधले. आपला आकडा त्यात कुठे बसतो?

पहिली चाळणी हर्षद संख्येची. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद. उदाहरणार्थ १८: १+८ म्हणजे ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. आपल्या आकड्यातल्या अंकांची बेरीज येते ४६. पण आकडा मूळ आहे, ४६ ने भाग जाणारच नाही. म्हणजे हर्षद नाही.

दुसरी चाळणी जास्त मजेदार. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतले तर २१ अधिक ३ म्हणजे २४. म्हणजे २१ ही २४ ची जनक झाली. काही संख्यांना असा जनकच नसतो, उदाहरणार्थ २०. कुठल्याही संख्येपासून २० तयार होत नाही. कापरेकरांनी अशांना सेल्फ नंबर म्हटलं. आपण स्वयंभू संख्या म्हणू. त्यांच्या गावावरून यांना देवळाली संख्या असंही नाव आहे.

आपला आकडा स्वयंभू आहे का? नाही. २,१४,७४,८३,६०६ घ्या. अंकांची बेरीज ४१. मिळवली की २,१४,७४,८३,६४७. जनक सापडला.

पण थांबा. २,१४,७४,८३,५९७ घेऊन बघा. अंकांची बेरीज ५०. मिळवली की पुन्हा २,१४,७४,८३,६४७! म्हणजे याला दोन जनक आहेत. अशा संख्यांनाही कापरेकरांनी नाव दिलं होतं, जंक्शन नंबर. दोन रेल्वेमार्ग जसे एका स्टेशनात येऊन मिळतात, तशा दोन संख्या इथे येऊन मिळतात. १०१ हे याचं छोटं उदाहरण, कारण तिथे १०० अधिक १ आणि ९१ अधिक १० अशा दोन्ही वाटांनी पोचता येतं. कागद-पेन घेऊन दोन मिनिटांत स्वतः तपासता येईल.

मूळ असणं आणि कॉम्प्युटरची मर्यादा असणं, यात संबंध आहे का?

इथे बऱ्याच व्हायरल पोस्ट्स गडबड करतात. 'कॉम्प्युटरची मर्यादा ही मूळ संख्या ठेवली आहे' असं काही नाही.

तुलना करा. ८ बिट्सची मर्यादा १२७, ती मूळ आहे. १६ बिट्सची ३२,७६७. ती मूळ नाही, ७ × ३१ × १५१ असे तिचे अवयव आहेत. ३२ बिट्सची आपली, मूळ. ६४ बिट्सची ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७. ती मूळ नाही, तिला ७ ने भाग जातो. घातांक ६३ ला ३ ने भाग जातो, तिथेच तिचा निकाल लागतो.

म्हणजे ३२ बिट्सची मर्यादा मूळ निघाली हा योगायोग. फक्त हा योगायोग लोकांनी नंतर वापरून घेतला. कॉम्प्युटरला रँडम आकडे काढायचे असतात, गेममध्ये फासा टाकायला किंवा हवामानाच्या, शेअर बाजाराच्या अंदाजांमध्ये. त्यासाठीची एक लोकप्रिय पद्धत पार्क आणि मिलर या दोघांनी १९८८ मध्ये सुचवली. आधीच्या आकड्याला १६,८०७ ने गुणा, २,१४,७४,८३,६४७ ने भागा आणि बाकी घ्या. तोच पुढचा आकडा. आकडा मूळ असल्यामुळे आणि १६,८०७ नीट निवडल्यामुळे १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय कुठलीही परत येत नाही. आणि आकडा ३२ बिट्समध्ये मावतो, हा बोनस.

बार्लोंच्या 'उपयोग काही नाही'ला हे उत्तर.

मर्यादा ओलांडली की काय होतं?

जून २००९ मध्ये ट्विटरवरच्या ट्विट्सचा क्रमांक या आकड्याच्या पुढे गेला. प्रत्येक ट्विटला एक क्रमांक असतो. ट्विटर स्वतः तयार होतं, पण बाहेरच्या काही ॲप्सनी तो क्रमांक ३२ बिट्समध्ये ठेवला होता. ती ॲप्स अडखळली.

२०१५ मध्ये प्रकरण जास्त गंभीर होतं. बोइंग ७८७ विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस सुरू राहिला, तर जनरेटर सांभाळणाऱ्या यंत्रणेतला एक काउंटर ओव्हरफ्लो होऊन विमानातली वीज जाऊ शकते, असं प्रयोगशाळेतल्या चाचणीत आढळलं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने आदेश काढला, ठराविक दिवसांनी वीज पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. २४८ च का? सेकंदाचा शंभरावा भाग मोजत गेलात, तर २,१४,७४,८३,६४७ पर्यंत पोचायला सुमारे २४८.५५ दिवस लागतात. (ऑयलरच्या हिशेबातही २४८ होते, पण तो निव्वळ योगायोग.)

आता आपल्या खिशातलं उदाहरण. भारतातले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात आणि दहा अंकी असतात. म्हणजे सगळ्यात लहान नंबरसुद्धा ६०० कोटींच्या घरात. एकही नंबर ३२ बिट्समध्ये मावत नाही, चिन्हाचा बिट मोकळा केला तरी नाही, कारण तेव्हाही मर्यादा ४२९ कोटींचीच राहते. समजा एखाद्या दुकानाच्या, संस्थेच्या किंवा क्लासच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी मोबाईल नंबर साध्या ३२ बिट संख्येच्या रकान्यात ठेवायला सांगितला. मायएसक्यूएल हा लोकप्रिय डेटाबेस अशा वेळी नवीन सेटिंगमध्ये एरर देतो. जुन्या, सैल सेटिंगमध्ये मात्र तो मोठी संख्या कापून मर्यादेवर आणून ठेवतो. मग यादीतल्या प्रत्येकाचा नंबर एकच: २१४७४८३६४७. मूळ नंबर गेलेला असतो, तो परत मिळवता येत नाही. एखाद्या एक्सेल शीटमध्ये हा नंबर ओळीने दिसला, तर तो कुणाचा फोन नाही, डेटा हरवल्याची खूण आहे.

पैशांचंही तसंच. रक्कम पैशांमध्ये मोजून ३२ बिट्समध्ये ठेवली, तर मर्यादा येते २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. मुंबईतल्या अनेक फ्लॅट्सची किंमत याच्या पुढे आहे.

१९ जानेवारी २०३८ ला काय आहे?

खूप कॉम्प्युटर्स वेळ कशी मोजतात? १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, एवढंच. तारीख, महिना, वर्ष हे सगळं त्या एका आकड्यावरून काढलं जातं. हा आकडा ३२ बिट्समध्ये ठेवला असेल, तर त्याला ६८ वर्षं पुरेल एवढीच जागा आहे.

ती संपते मंगळवारी, १९ जानेवारी २०३८ ला. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. त्यानंतरच्या सेकंदाला ज्या सिस्टिम्स बदललेल्या नसतील, त्यातल्या अनेकांच्या घड्याळात डिसेंबर १९०१ उजाडेल.

यात घाबरण्यासारखं किती? आपले आजचे बहुतेक फोन आणि लॅपटॉप ६४ बिट वेळ वापरतात. तेवढी जागा सुमारे २९२ अब्ज वर्षं पुरेल. लिनक्सने २०२० मधल्या ५.६ या आवृत्तीपासून ३२ बिट यंत्रांसाठीही सोय केली आहे. खरी काळजी आहे ती एकदा बसवून विसरल्या जाणाऱ्या यंत्रांची, ज्यांना कुणी अपडेट देत नाही, आणि जुन्या डेटाबेसेसची. मायएसक्यूएलमधला टाइमस्टॅम्प हा तारखेचा प्रकार अजूनही त्याच सेकंदाला संपतो.

आणि त्यासाठी २०३८ ची वाट बघावी लागत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये घेतलेलं २० वर्षांचं गृहकर्ज फेब्रुवारी २०३८ मध्ये संपतं. म्हणजे त्याचा शेवटचा हप्ता या तारखेच्या पलीकडे आहे. दीर्घ मुदतीचा विमा, पेन्शन, प्रमाणपत्रांची वैधता, जिथे पुढची तारीख आजच लिहावी लागते, तिथे हा प्रश्न आधीच आलेला आहे.

मग आपण काय करायचं?

सामान्य वापरकर्त्याने फार काही नाही. फोनचे अपडेट्स टाळू नका. नवीन राउटर, कॅमेरा किंवा असं वर्षानुवर्षं चालणारं यंत्र घेताना कंपनी किती वर्षं अपडेट देणार ते विचारा. तुमचा हप्ता किंवा मुदत २०३८ च्या पुढे जात असेल, तर कागदावर छापलेली शेवटची तारीख एकदा वाचा.

तुम्ही किंवा घरातलं कुणी सॉफ्टवेअरमध्ये असाल, तर काम जास्त आहे. मोबाईल नंबर संख्या म्हणून नाही, मजकूर म्हणून साठवा. त्याची कधी बेरीज करायची नसते. आपोआप वाढणारे क्रमांक आणि तारखा ६४ बिट्समध्ये ठेवा. आणि टेस्टिंग करताना २,१४,७४,८३,६४७ आणि त्याच्या पुढचा आकडा टाकून बघायला विसरू नका.

हा आकडा मूळ आहे, हे ऑयलरच्या आधीही खरं होतं आणि कॉम्प्युटर नसते तरी खरंच राहिलं असतं. ते कुणी ठरवलेलं नाही. ३२ बिट्स पुरतील हे मात्र माणसांनी ठरवलं, त्या काळी मेमरी महाग होती म्हणून. पहिली गोष्ट बदलता येत नाही. दुसरी बदलता येते आणि यूट्यूबने दाखवलं तसं वेळेत बदलली तर कुणाला कळतही नाही.